‘सिक्युअर बूट चालू करा’ एवढंच छापू नका, त्याचा क्रमही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० बंद झाल्याबद्दलचा लेख आपल्या पेपरात दिवाळीच्या सुमारास आला होता तो वाचला. लेख चांगला होता, १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद, विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी पीसीतली तिजोरी) आणि सिक्युअर बूट (पीसी चालू होताना फाइलींची सही तपासणारा वॉचमन) लागतं, सगळं बरोबर लिहिलं होतं. पण शेवटी एक ओळ होती की जुना असेंबल पीसी असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा सेटिंगचा प्रोग्राम) जाऊन टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करा, आणि तिथेच लेख संपला. मला त्या एका ओळीबद्दल लिहायचंय. त्या ओळीच्या आधी बऱ्याच गोष्टी करायच्या असतात आणि त्या ठरावीक क्रमाने करायच्या असतात, क्रम चुकला की चांगला चालता पीसी बंद पडतो. आमच्या घरी पडला. आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकूंचा डेटा गेला तो परत आलाच नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनच्या मेंटेनन्सला आहे, बावीस वर्षं झाली. कॉम्प्युटर हा माझा धंदा नाही पण कंट्रोल, पॅरामीटर, बॅटरी, बॅकअप हे माझं रोजचंच काम आहे त्यामुळे जे झालं ते का झालं हे शोधल्याशिवाय मला झोप लागली नाही. जे सापडलं ते इथे लिहितोय, पत्र लांब होईल, पण जमलं तर पूर्ण छापा, कारण कापलं तर परत तीच एक ओळ उरेल.

मुलीचा पीसी आम्ही २०१९ ला असेंबल करून घेतला होता. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी. ग्राफिक्स कार्ड मात्र नवीन घेतलं नाही, जुन्या पीसीतलं जीटी २१० काढून लावलं, म्हटलं गेम कोणाला खेळायचेत, नुसता डिस्प्ले आला म्हणजे झालं. दुकानवाल्याने विंडोज मारून दिलं आणि सगळे करतात तसे सी डी ई एफ चार ड्राइव्ह पाडून दिले. सहा वर्षं पीसी एकदाही रुसला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ओझरहून भाचा आला होता, डिप्लोमाला आहे, हुशार पोरगं आहे. त्याने तुमचा लेख वाचला आणि म्हणाला मामा दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता करून देतो. बायोसमध्ये गेला तर सिक्युअर बूटची ओळ ग्रे दिसत होती, म्हणजे तिथे काही बदलताच येत नव्हतं. मग त्याने कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं की आधी सीएसएम नावाचं सेटिंग बंद करावं लागतं. त्याने सीएसएम डिसेबल केलं, एफ १० दाबलं, सेव्ह, यस. आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, कीबोर्डचे दिवे लागतायत, पण डिस्प्ले नाही. दहा वेळा बंद चालू केलं, रॅम काढून रबराने घासून परत लावली, केबल बदलली, काही नाही. पोराचं तोंड एवढंसं झालं. मुलीचा प्रोजेक्ट त्यातच होता आणि सुट्टी संपली की रिव्ह्यू होता.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून एका दुकानात नेलं, त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले काका बोर्ड गेलाय, नवीन बोर्ड टाका म्हणजे विंडोज ११ पण आरामात बसेल. मी त्यांना एवढंच विचारलं की सेटिंग बदलल्याने बोर्ड कसा जाईल, त्याचं उत्तर मिळालं नाही. मी कॅबिनेट परत घरी आणलं. आमच्याकडे पॅरामीटर चुकीचा भरला तर मशीन अलार्म देऊन उभी राहते, पण म्हणून कार्ड जळत नाही. चुकलेला आकडा परत बरोबर भरला की मशीन चालते. इथेही तसंच असणार असं मन सांगत होतं.

आणि तसंच होतं. बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, बायोसची सेटिंग्ज त्याच्या जोरावर टिकतात. पीसी बंद करून मागचा स्विच बंद केला, वायर काढली, पॉवरचं बटण दहा पंधरा सेकंद दाबून धरलं म्हणजे आत साठलेला करंट संपतो, मग सेल काढून पाचेक मिनिटं बाजूला ठेवला. परत लावला, चालू केला, डिस्प्ले आला. पोराच्या डोळ्यात पाणी होतं. ज्यांना सेल काढणं जमत नसेल त्यांच्यासाठी बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना पण असतात, कुठे आहेत ते बोर्डाच्या पुस्तकात दाखवलेलं असतं, वायर काढलेली असताना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या पाच दहा सेकंद जोडल्या तरी तेच होतं. इथे एक सांगतो, आमच्या सीएनसीमध्ये बॅटरी मशीन चालू ठेवून बदलतात, बंद करून बदलली तर पॅरामीटर उडतात आणि दोन दिवस उत्पादन बंद. पीसीत बरोबर उलटं आहे, वायर काढूनच सेलला हात लावायचा, आणि इथे सेटिंग उडणं हीच सुटका आहे.

आता डिस्प्ले का गेला होता ते. यूईएफआय म्हणजे बायोसची नवीन पद्धत, आणि सीएसएम म्हणजे तिच्या आत ठेवलेला जुन्या पद्धतीचा दुभाषा. जुनी कार्डं, जुनी विंडोज यांना नवीन भाषा येत नाही, तो दुभाषा मध्ये बसून काम चालवतो. जीटी २१० हे २००९ चं कार्ड, त्याच्या स्वतःच्या चिपमध्ये फक्त जुन्या भाषेतला प्रोग्राम आहे, नव्या पद्धतीने चित्र दाखवायला जीओपी नावाचा भाग लागतो तो त्यात नाहीच. दुभाषा काढला आणि कार्ड मुकं झालं. आणि रायझन ५ ३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही त्यामुळे बोर्डाच्या मागच्या पोर्टला मॉनिटर लावूनही उपयोग नव्हता. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे त्यांनी असं झालं तर आधी केबल बोर्डाच्या पोर्टला लावून बघावी, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कार्डात जीओपी आहे की नाही हे आधीच कळू शकतं, जीपीयू-झेड नावाचा छोटासा फुकट प्रोग्राम आहे त्यात यूईएफआय असा चौकोन असतो, तिथे टिक असली म्हणजे चिंता नाही. दोन मिनिटांची तपासणी आहे ही, ती आधी केली असती तर आमची दिवाळी सुखात गेली असती.

मग आम्ही मेहुण्यांकडून जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणलं, त्यात टिक दिसली. पण या वेळी मी पोराला म्हटलं बायोसला हात लावायचा नाही, आधी वही घे. बायोसचं प्रत्येक पान उघडून मोबाइलने फोटो काढले. हे कोणीच सांगत नाही. सेल काढल्यावर सगळी सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी होतात, तारीख मागे जाते, रॅमचा स्पीड खाली येतो कारण एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवणारं सेटिंग) बंद होतं, बूटचा क्रम बदलतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणाची डिस्क रेडच्या (RAID) सेटिंगवर चालत असेल आणि ती एएचसीआयवर गेली (डिस्क चालवायच्या या दोन वेगळ्या पद्धती) तर विंडोज निळी स्क्रीन देऊन बसते, माणूस म्हणतो विंडोज उडाली, फॉरमॅट मारा, आणि खरं तर फक्त एक सेटिंग पहिल्यासारखं करायचं असतं. फोटो असला तर ते कळणार.

त्यानंतर विंडोजमध्ये बसून बघायचं, बायोसमध्ये नाही. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप केलं की एक खिडकी उघडते, तिच्यात बायोस मोड म्हणून ओळ असते. तिथे यूईएफआय लिहिलं असेल तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. लेगसी लिहिलं असेल तर तुमची डिस्क जवळजवळ नक्कीच जुन्या एमबीआर पद्धतीने पाडलेली आहे, आणि यूईएफआयमधून विंडोज सुरू व्हायला डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने पाडलेली लागते. म्हणजे कार्ड नवीन असतं तरी आमचा पीसी सीएसएम बंद केल्यावर सुरू झालाच नसता, डिस्प्ले आला असता आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असं म्हणाला असता. व्हिडिओ बघून सेटिंग बदलणारे निम्मे लोक इथेच अडकत असतील असं मला वाटतं, आणि मग कोणीतरी सांगतं फॉरमॅट मारावा लागेल, आणि लोक मारतात पण.

फॉरमॅट मारावा लागत नाही. विंडोज १० मध्येच २०१७ पासून एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड आहे, मायक्रोसॉफ्टचीच, ती डेटा न पुसता डिस्क बदलून देते. आधी नुसतं व्हॅलिडेट करायचं, म्हणजे ती फक्त तपासून सांगते की जमेल की नाही, काही बदलत नाही. आम्ही केलं तर नाही म्हणाली. का नाही, तर ते सी डी ई एफ. एमबीआर डिस्कवर जास्तीत जास्त चार प्रायमरी भाग पडतात, म्हणून दुकानवाले एक एक्सटेंडेड भाग करून त्याच्या पोटात डी ई एफ पाडतात, आणि या कमांडला एक्सटेंडेड भाग अजिबात चालत नाही, प्रायमरीसुद्धा तीनपेक्षा जास्त नको कारण तिला स्वतःसाठी जागा पाहिजे असते. आपल्याकडे घरोघरी पीसी असेच पाडलेले आहेत, त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून करणाऱ्याला ही अडचण तिथे दिसतच नाही. आम्ही डी ई एफ मधलं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं, रात्रभर चाललं ते, सकाळी चार फाइली उघडून बघितल्या की खरंच आल्यात, नुसता आकडा बघून विश्वास ठेवला नाही, मग ते तीन भाग आणि एक्सटेंडेड उडवला, परत व्हॅलिडेट केलं, हो म्हणाली. मगच कन्व्हर्ट.

कन्व्हर्ट झाल्यावर लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करायचं, कारण आता ती डिस्क जुन्या पद्धतीने सुरू होणार नाही. बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर असं नाव दिसायला पाहिजे, नुसतं एसएसडीचं नाव नको, ते पहिल्या नंबरला आणायचं. सेव्ह करा, विंडोज सुरू होऊ द्या, एमएसइन्फो३२ मध्ये यूईएफआय आलं का बघा. एवढं होईपर्यंत सिक्युअर बूटला हात लावायचा नाही. एका वेळी एकच सेटिंग, बदला, सेव्ह करा, विंडोजपर्यंत जाऊन या, वहीत लिहा, मग पुढचं. आमच्या शॉपवर नवीन आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी, दोन पॅरामीटर एकदम बदलले आणि अलार्म आला तर कुठल्यामुळे आला ते ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही.

सिक्युअर बूट चालू केलं तरी विंडोज ऑफच म्हणत होती. बायोसमध्ये वर एनेबल्ड आणि खाली नॉट अ‍ॅक्टिव्ह. इथे भाचा परत घाबरला. हे समजायला मला कारखान्याचं गेट आठवलं. गेटवर आत कोणाला सोडायचं त्याची यादी असते, आणि ब्लॅकलिस्ट केलेल्यांची दुसरी यादी असते. या याद्यांमध्ये फेरफार करायचा अधिकार सिक्युरिटी ऑफिसरला, आणि त्या ऑफिसरला नेमायचा अधिकार मालकाच्या सहीला. सिक्युअर बूटमध्ये असंच आहे, डीबी म्हणजे परवानगीची यादी, डीबीएक्स म्हणजे काळी यादी, केईके म्हणजे ऑफिसर आणि पीके म्हणजे मालकाची सही. पीसी चालू होताना विंडोजची सुरुवात करणारी फाइल गेटवर येते, तिच्यावरची डिजिटल सही यादीशी जुळली तरच आत. आमच्या बोर्डात मालकाची सहीच भरलेली नव्हती, त्याला सेटअप मोड म्हणतात, म्हणजे गेटला वॉचमन उभा आहे पण हातात यादी नाही. बायोसमध्ये इन्स्टॉल डिफॉल्ट कीज किंवा रिस्टोअर फॅक्टरी कीज असं काहीतरी असतं, बोर्डाप्रमाणे नाव बदलतं, ते केलं की मोड यूझर होतो आणि सिक्युअर बूट अ‍ॅक्टिव्ह. त्याच्या शेजारीच क्लिअर किंवा डिलीट कीज असतं, त्याला हात लावायचा नाही.

पण ही रिस्टोअर कीज सुद्धा बंद पडलेल्या सिक्युअर बूटसाठीच, जिथे ते नीट चालू आहे तिथे उगाच दाबू नका. कारण मायक्रोसॉफ्टच्या या सह्यांची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपायला लागतात आणि विंडोजची स्वतःची ऑक्टोबर २०२६ ला, त्यांच्या जागी २०२३ ची नवीन सर्टिफिकेटं विंडोज अपडेटमधून बोर्डात भरली जातायत. म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, जून उजाडला म्हणून पीसी बंद पडणार नाही, जुन्या सर्टिफिकेटवर पीसी चालू होईल पण सुरुवातीच्या फाइलींचे पुढचे सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत. प्रश्न असा की जुन्या बायोसमध्ये फॅक्टरी कीज म्हणजे २०११ च्याच. विंडोजने नवीन सहीची फाइल लावून घेतली असेल आणि तुम्ही फॅक्टरी कीज परत भरल्या तर गेटवर जुनी यादी आणि दारात नवीन सहीचा माणूस, तो अडवला जाणार. असं झालंच तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून विंडोजमध्ये जाता येतं, अर्थात बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं साधन) की हातात असेल तर.

त्या कीबद्दलच मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी यंदाच नवीन पीसी असेंबल करून घेतला, विंडोज ११ घालून. मुलगा पुण्याला असतो. काकूंचा त्यात पिंपळगावच्या द्राक्षबागेचा सहा वर्षांचा हिशेब होता, औषधं, मजुरी, व्यापाऱ्यांची येणी, जुन्या पीसीतून सगळं यात आणलेलं, आणि नातीच्या बारशाचे फोटो. कोणीतरी ओळखीच्याने चांगल्या मनानेच बायोस अपडेट करून दिलं. अपडेटनंतर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न आला, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय दाबा किंवा एन दाबा. त्याने वाय दाबलं. एफटीपीएम म्हणजे एएमडीच्या बोर्डातलं टीपीएम, आणि टीपीएम म्हणजे पीसीतली तिजोरी, डिस्कचं कुलूप उघडायची किल्ली त्यात असते. वाय दाबल्यावर तिजोरी रिकामी झाली. पुढच्या क्षणी निळी स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. काकू म्हणाल्या मी कसलंच कुलूप लावलं नव्हतं हो. खरंच लावलं नव्हतं, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग इन केलं की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद होऊ शकते, आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. आणि अकाउंट कोणाचं? दुकानातल्या मुलाने गडबडीत सेटअप करताना स्वतःचा कुठला तरी ईमेल टाकला होता. तो मुलगा आता तिथे कामाला नाही, पासवर्ड कोणाला माहीत नाही. की मिळाली नाही. मी स्वतः तीन संध्याकाळ काकूंबरोबर बसलो होतो, काही करता आलं नाही, शेवटी डिस्क पुसून नवीन विंडोज टाकावी लागली. काकू एवढंच म्हणाल्या की हिशेब परत लिहीन रे, फोटोचं काय.

म्हणून माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे, बायोसमध्ये जायचा विचार मनात आला की त्याच्या आधी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते बघा. असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ब्राउझरवरून लॉग इन करून रिकव्हरी की खरंच दिसते का ते डोळ्यांनी बघा, कागदावर लिहून घ्या, की आयडीची सुरुवातीची अक्षरं पण लिहा कारण निळ्या स्क्रीनवर तोच आयडी दाखवतात आणि दोन पीसी असले तर घोटाळा होतो. आपला पीसी आपल्या अकाउंटवर आहे की दुकानाच्या, हे आजच बघा, बायोस बदलायचं नसेल तरी बघा. मग बिटलॉकर सस्पेंड करा, बंद नाही नुसतं सस्पेंड, होम आवृत्तीत बटण नसतं पण अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून मॅनेज-बीडीई कमांडने होतं. आणि सस्पेंड साधारण एका रिस्टार्टपुरतंच असतं, ते आपोआप परत चालू होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा बायोसमध्ये शिरायच्या आधी परत सस्पेंड. तो वाय एनचा प्रश्न आला तर की हातात असल्याशिवाय वाय दाबू नका, एन दाबलं तर जुनी नोंद तशीच राहते. विंडोजमधलं किंवा बायोसमधलं क्लिअर टीपीएम तर कधीच नको. विंडोजचा पिन सुद्धा टीपीएमवरच असतो, रीसेट झालं की पिन चालत नाही, म्हणून अकाउंटचा पासवर्ड पाठ असायला हवा, आपल्याकडे निम्म्या लोकांना तो आठवत नाही.

टीपीएम चालू करणं त्यामानाने सोपं आहे. एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम, इंटेलच्या बोर्डात पीटीटी नावाने असतं, चालू केल्यावर टीपीएम डॉट एमएससी उघडून २.० लिहिलंय का बघायचं, झालं. रायझनवाल्यांना काही वेळा एफटीपीएममुळे पीसी मध्येच क्षणभर अडकायचा त्रास होता, एएमडीने २०२२ ला तो मान्य करून बायोस अपडेटमधून दुरुस्त केला, पण त्यासाठी बायोस अपडेट करायचं तर लाइट जाणार नाही याची खात्री पाहिजे. सध्या गावात सिंहस्थाच्या कामांना ठिकठिकाणी खोदलेलं आहे, कधी केबल तुटेल सांगता येत नाही, यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर पीसी असल्याशिवाय बायोस अपडेट कोणी करू नये. अर्ध्यात लाइट गेली तर मात्र बोर्ड खरंच जाऊ शकतो, तिथे सेल काढून भागत नाही.

काही जण विचारतात एवढं करून मिळतं काय. मी खोटं सांगणार नाही, सिक्युअर बूट म्हणजे सगळ्या व्हायरसवरचं औषध नाही, ओटीपी मागणारा फोन आला आणि तुम्ही सांगितला तर ते काही करू शकत नाही. ते फक्त विंडोज सुरू व्हायच्या आधी घुसणाऱ्याला अडवतं, आणि तसे घुसणारे खरंच आहेत, २०२३ ला ब्लॅकलोटस नावाचा सापडला तो तर सिक्युअर बूट असूनही जुन्या सहीच्या फाइलीतल्या भोकातून आत जात होता, म्हणून तर ती काळी यादी आणि नवीन सर्टिफिकेटं. २०२४ मध्ये असंही उघडकीला आलं की कित्येक कंपन्यांच्या बोर्डात मालकाची सही म्हणून चाचणीपुरती बनवलेली की तशीच राहिली होती, तिच्या नावातच विश्वास ठेवू नका असं लिहिलेलं होतं. तरीपण गेटला वॉचमन नसण्यापेक्षा असलेला बरा, आणि आता तर पोरांच्या गेमनासुद्धा तो लागतो, विंडोज ११ वर व्हॅलोरंट, नाहीतर बॅटलफील्ड ६, सिक्युअर बूट नसेल तर चालतच नाहीत. म्हणजे घरोघरी शाळा कॉलेजातली पोरं रात्री बारा वाजता बायोसमध्ये शिरून ही सेटिंग्ज बदलतायत, आईवडिलांना पत्ता नाही, आणि त्याच पीसीत आईचं शिवणकामाच्या ऑर्डरचं किंवा वडिलांच्या दुकानाचं टॅली आहे.

ज्यांना एवढं झेपत नाही त्यांना घाई नाही हेही छापा. विंडोज १० वाल्यांना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात, तेवढ्या वेळात एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून करता येईल.

आणि नाशिकमध्ये पीसी असेंबल करून देणाऱ्या सगळ्या दुकानदारांना माझं हात जोडून सांगणं आहे, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता, विंडोज मारताना यूईएफआय मोडमध्ये जीपीटीवर मारा, पाच मिनिटंसुद्धा जास्त लागत नाहीत. गिऱ्हाइकाचा ईमेल गिऱ्हाइकाकडूनच टाकून घ्या, त्याला येत नसेल तर त्याच्या घरच्या पोराला बोलवा. आणि बिलाच्या मागे चार ओळी लिहून द्या, बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, डिस्क कशी पाडली, एन्क्रिप्शन चालू की बंद. सेटिंग बदलल्यावर डिस्प्ले गेला म्हणून पीसी आला तर बोर्ड गेला म्हणण्याआधी एकदा सेल काढून बघा, बघत असालच, पण आमच्या वेळी बघितला नाही.

आमच्या पीसीवर विंडोज ११ चालू झाली, मुलीचा रिव्ह्यू वेळेत झाला. भाच्याने स्वतःच्या हाताने वहीतलं सगळं एका कागदावर उतरवलं, कुठल्या तारखेला काय बदललं, आधी काय होतं, क्लिअर सीमॉसच्या पिना बोर्डावर कुठे आहेत त्याचं चित्र पण काढलं, आणि तो कागद कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलाय. रिकव्हरी की त्यावर लिहिलेली नाही, ती कपाटात एलआयसीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवली आहे, आणि ती तिथे आहे हे घरात चौघांना माहीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
सातपूर, नाशिक